चौघांचा हात दोघांवर कसा आणायचा? (आणि एक स्वेटर उसवायचाय)

सुलटउलट (नाशिक)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, एक ओट्याजवळचा आणि एक लोकरीच्या पेटीतला. वेगवेगळे विचारणार होते, पण दुखणं मला एकच वाटतं, म्हणून एकाच ठिकाणी टाकते.

जुलैपासून घरात आम्ही दोघंच. लेक लग्नानंतर कॅलगरीला, धाकटा आता नोकरीसाठी बंगळुरूला गेला. त्यात रडण्यासारखं काही नाही. मुलं आपल्या पायावर उभी आहेत, आणि खरं सांगायचं तर दुपारी दोन ते चार घरात कोणी काही मागत नाही हे मला भलतंच आवडतंय. अडचण एवढीच की माझा हात अजून चौघांचाच आहे. परातीत कणीक पडते ती जुन्या मापाने. पाव किलो गवार घेतली तर भाजीवाला विचारतो, "ताई, बास एवढीच?" आणि मी लाजेखातर अर्धा किलो घेऊन येते. कोबीचा गड्डा आणला की आठवडाभर कोबी. दूध लिटरचं अर्धा लिटर केलं तर आता साय साठेना. पूर्वी आठवड्याला विरजण लावून लोणी निघायचं. आता पंधरा दिवस डबा फ्रीजमध्ये ठेवते, तोवर सायीला कडवट वास येतो.

अहो ओझरच्या नोकरीतून निवृत्त झालेत. शिळ्याला त्यांची ना नाही. पण तिसऱ्या जेवणाला तीच मटकी ताटात दिसली की ते अवाक्षर न काढता उठतात, लोणच्याची बरणी घेतात आणि बसतात. बोलले असते तर बरं झालं असतं.

बरं, निम्मं करून बघितलं. तर भात तळाला लागतो, फोडणी करपते, आमटी आटून पिठलं होते. निम्म्याला निम्मं, इतकं सोपं गणित का जमू नये?

आता पेटी. त्यात धाकट्याचा दहावीतला स्वेटर निघाला. मोरपंखी, पुढे वेणीची वीण, मीच विणलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, बंगळुरूत कुठे घालू? दे कोणालातरी." तर मला तो उसवून लोकर परत वापरायची आहे. लोकर त्या वेळी मेनरोडवरून घेतली होती, वेष्टन केव्हाच गेलं. खरी लोकर की ॲक्रिलिक, आठवत नाही. एका कोपरावर कसर लागून बारीक भोकं पडली आहेत. उसवलेला धागा शेवयांसारखा नागमोडी निघतो, तो सरळ कसा करतात? आणि विणू काय? लेकीला स्वेटर विचारला तर म्हणते, "इथे घरात हीटर असतो, उकडतं."

"आठवण म्हणून ठेवा" हा सल्ला कृपया नको. आठवण माझ्या डोक्यात आहे, पेटीत कसर आहे.

---

खलबत्ता (सांगली)

ताई, माप निम्मं केलंत, पण भांडं निम्मं केलंत का? माझी खात्री आहे पातेलं तेच जुनं असणार.

मीठ, तिखट, गूळ, चिंच हे बरोब्बर निम्मं होतं. पाणी निम्मं होत नाही. पातेल्यातून वाफ किती जाणार हे त्याचं तोंड किती रुंद आणि गॅसवर किती वेळ आहे त्यावर ठरतं, आत आमटी किती आहे त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. चौघांच्या आमटीतून एक वाटी पाणी उडत असेल तर दोघांच्या आमटीतूनही त्याच पातेल्यात जवळजवळ तेवढंच उडणार. म्हणून तुमचं पिठलं होतं. फोडणीचंही तेच. मोठ्या कढईत निम्मं तेल घातलं की ते तळाला नुसतं पुसल्यासारखं पसरतं, मोहरी तडतडेपर्यंत हिंग जळून जातो. लोखंडी पळीत फोडणी करा आणि वरून ओता. भाजीला सहा-सात इंची छोटी कढई घ्या. मी आमच्या इथल्या भांड्यांच्या दुकानात जुनी मोठी पितळी पातेली मोडीत देऊन दोन लहान घेतली. सासूबाई असत्या तर घरात घेतलं नसतं मला.

भात कुकरमध्ये डब्यात लावला तर हा घोळ होत नाही, कारण डब्यातलं पाणी फारसं कुठे जात नाही. तिथे एकास दोन म्हणजे एकास दोनच. फक्त कुकरच्या तळातलं पाणी कमी करू नका, ते भातासाठी नसतंच, वाफेसाठी असतं. नुसत्या पातेल्यात कराल तर अर्ध्या वाटी तांदळाला सव्वा वाटी पाणी आणि वर घट्ट झाकण.

आता मटकी. आमच्याकडे एक नियम आहे: वाटणी फोडणीच्या आधी, फोडणीनंतर नाही. मोड आलेली मटकी निम्मी कच्चीच डब्यात घालून फ्रीजरला टाका. चार दिवसांनी तिचा मटकीभात करा, ताक-पापड बरोबर. अहोंना पत्ताही लागणार नाही की ही तीच. तूरडाळही तशीच. मी अर्ध्याऐवजी एक वाटी शिजवते, हळद-हिंग घालून घोटते, आणि निम्मं वरण फोडणीशिवाय झाकून फ्रीजमध्ये. आज साधं वरण, तूप, लिंबू. उद्या त्याचीच आंबट-गोड आमटी. परवावर जाऊ देत नाही. एकदा फोडणी बसली की तो पदार्थ तोच राहतो, मग तुम्ही त्याला कितीही कोथिंबीर लावा.

साय फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, फ्रीजरमध्ये साठवा. रोजची साय त्याच डब्यात वर वर टाकत जा. तीन आठवडे लागले तरी कडवटत नाही. डबा भरला की आदल्या दिवशी सकाळी बाहेर काढायचा, पूर्ण विरघळून नेहमीच्या उबेला आली की चमचाभर दही घालून रात्रभर ठेवायची, सकाळी गार पाणी घालून घुसळायची. मधूनमधून थोडं थोडं विरजण लावत बसायचं नाही, सगळं एकदम.

कणकेसाठी डब्यात एक ठरलेली वाटी टाकून ठेवा आणि हाताला पीठ घेऊच देऊ नका. आमच्या वाटीत मध्यम चार फुलके होतात, तुमच्या वाटीचं तुम्ही एकदा बघून घ्या. हात शहाणा व्हायला वेळ लागतो, वाटी आधीपासूनच शहाणी असते.

आणि भाजीवाल्याला लाजायचं काय? मी तर त्याच्याकडून अर्धा कोबी कापून घेते.

---

साडेतीन मिमी (पुणे)

पेटीचं मी बघतो. पुरुष आहे, नोकरी टूलरूममध्ये गेली, निवृत्तीनंतर विणायला शिकलो. हसून घ्या.

सगळ्यात आधी धागा ओळखा. बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की बहुधा विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं आणि मागे काळा टणक मणी राहतो. तो मणी गरम असताना हात लावू नका. दोन्ही लक्षणं थोडीथोडी दिसली तर मिश्रण. तसं तुम्ही अर्धं उत्तर दिलंच आहे: कसर जनावराच्या केसांवर जगते, ॲक्रिलिक तिच्या पोटात चालत नाही. म्हणजे निदान त्या बाहीत लोकर असणार.

उसवताना उलट्या क्रमाने. शेवटी केलेलं आधी सुटतं. पहिल्यांदा गळ्याची पट्टी, मग बाह्या, बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी. शिवणीचा धागाच कापला जातोय ना, हे उजेडात दोनदा बघा. विणीचा टाका कापलात तर प्रत्येक ओळीला तुकडा हातात येईल. मग प्रत्येक भाग वरून, म्हणजे टाके बंद केलेत तिथून, खाली. टाके घातलेल्या कडेकडून ओढलं तर सरसर निघत नाही, दर ओळीला अडतं. वेणीपाशी सावकाश, तिथे टाके एकमेकांवरून गेलेले असतात.

निघालेला धागा लगेच गुंडाळून गुंडा करू नका, नागमोड तशीच राहते. स्टूल उलटं ठेवा आणि त्याच्या चार पायांभोवती धागा गुंडाळत लडी करा. चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैलसर, आठाच्या आकड्यासारखी गाठ मारा, म्हणजे लडी गुंतणार नाही. कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा थोडा शाम्पू, त्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, गरम पाणी अजिबात नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकून नमदा होतो, तो परत सुटत नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत दांडीवर टांगा, खालून एक हँगर अडकवा एवढंच वजन. वाळेपर्यंत लोकर बऱ्यापैकी सरळ होते.

ॲक्रिलिक निघालं तर पाण्याने फारसा फरक पडत नाही. लांबून हलकी वाफ देता येते, पण इस्त्री टेकवली तर धागा कायमचा लुळा पडतो. त्यापेक्षा नागमोडीच विणून टाका, दोन-तीन धुण्यांत वीण आपोआप बसते.

कसरीने खाल्लेल्या ठिकाणी धागा तुटेल. खऱ्या लोकरीत गाठ मारू नका. दोन्ही टोकांचे पदर उलगडून एकमेकांवर ठेवा, तळहातावर थोडं पाणी घेऊन जोरात चोळा. वर सांगितलेला खवल्यांचा दुर्गुण इथे कामाला येतो, जोड कळतसुद्धा नाही. ॲक्रिलिकला ही युक्ती लागू नाही.

राहिलेली पेटी मात्र रिकामी करा, कडक उन्हात ठेवा, कानेकोपरे झटका. मगच वेखंडाचे तुकडे आणि डांबरगोळ्या. आत अंडी असताना नुसतं वेखंड टाकून काही होत नाही.

---

चिनूकवाली (एडमंटन)

काकू, लेक खोटं बोलत नाहीये. मी तिच्यापासून तीनेक तासांवर राहते. बाहेर उणे पंचवीस असलं तरी घरात वीस-बावीस असतं, त्यात जाड स्वेटर घालून भाकरी थापून दाखवा. आणि बाहेर जाताना हातविणीच्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, त्यामुळे वर जाडजूड जॅकेट लागतंच. जॅकेटखाली वेणीचा स्वेटर कोंबला की हात खाली येत नाहीत.

इथे कमी पडतात त्या लहान वस्तू. कान झाकणारी टोपी. गळ्याभोवतीचं बंद कडं, मफलर नव्हे, कारण मफलरची टोकं गाडीच्या दारात अडकतात. घरात फरशीवर घालायचे जाड पायमोजे. टोपी तर बसमध्ये, ऑफिसात, पार्किंगमध्ये हरवतच असते, कितीही द्या.

एक गोष्ट लेकीला बजावा, किंवा मीच सांगते: खऱ्या लोकरीची वस्तू इथल्या वॉशिंग मशीन आणि ड्रायरमधून गेली की बाहुलीला होते. इथे सुपरवॉश नावाची लोकर मिळते, तिच्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते म्हणून ती आटत नाही. आपल्या जुन्या लोकरीचं तसं नाही. टोपी गार पाण्यात हाताने धुवायची, नाहीतर धुवायचीच नाही. मी माझ्या आईच्या टोपीला दुसरा पर्याय निवडलाय.

स्वयंपाकाबद्दल आगाऊपणा करते. आईने पाठवलेल्या डब्यांत माझ्याकडे सगळ्यात आधी संपतं ते मेतकूट आणि भाजणी. चकल्या प्रवासात मोडतात, लाडू ऑफिसात वाटले जातात. भाजणीचं थालीपीठ मात्र मी कोणालाच देत नाही. तुमचा हात चौघांचा आहे ना? मग भाजणी चौघांची करा की! कोरड्या पिठाला कसली घाई.

---

जुनंतेसोनं

राहवत नाही म्हणून लिहितो. मुलाचा स्वेटर उसवू नये असं माझं मत. उद्या नातवंडं आली तर काय दाखवाल?

---

सुलटउलट

@जुनंतेसोनं, नातवंडांना फोटो दाखवीन, त्यात स्वेटरसकट त्यांचा बाप आहे. मतासाठी आभार.

बाकी सगळ्यांनी माझं काम हलकं केलंत. अहवाल देते.

धागा मोरीत जाळला. अहो बादली घेऊन दारात उभे होते, चेहऱ्यावर इतका आनंद फार दिवसांनी पाहिला. अंगाच्या धाग्याला केसांचा वास आला आणि राख चुरली. पण खालच्या बॉर्डरचा धागा वितळून मणी झाला! तेव्हा आठवलं, लोकर कमी पडली होती आणि रंगाला रंग मिळाला म्हणून बॉर्डरला दुसरीच वापरली होती. बारा-तेरा वर्षं कोणाला कळलं नाही, मलाही.

सध्या एक बाही आणि पाठ उसवून झाली आहे. लड्या मोरीच्या दांडीवर टांगल्यात. खरंच सरळ होतात हो! अगदी नव्यासारखा नाही, पण हाताला लागत नाही. बॉर्डरचं ॲक्रिलिक वेगळं काढलंय. भोकांच्या बाहीत तुकडेच तुकडे निघाले. ते जोडत बसणं मला परवडणारं नाही, त्यांची उशी भरली.

खलबत्ता ताई, पळीतली फोडणी झकास. मी एवढी वर्षं पळी फक्त ताकाच्या कढीला काढत होते. साय फ्रीजरमध्ये गेली आहे. दुधीचं मात्र काही जमेना. लहानात लहान घेतला तरी दोन माणसांच्या घरात दुधी म्हणजे मुक्कामी पाहुणाच.

चिनूकवाली, तू म्हणतेस तशी कान झाकणारी टोपी करते. लेकीने लगोलग इंटरनेटवरचा एक नमुना पाठवला. त्यात "सुई साइज ८" लिहिलंय. माझ्याकडे ८ नंबरच्या सुया आहेत, पण त्या नमुन्यातल्या जाडीच्या लोकरीला बारीक वाटतात. माझी लोकर चार पदरी आहे, दुहेरी घ्यायचा विचार आहे. किती टाके घालू?

---

साडेतीन मिमी

थांबा, टाके घालू नका! तो ८ तुमचा ८ नाही.

आपल्या दुकानांतले सुयांचे जुने नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: १० म्हणजे ३.२५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, ६ म्हणजे ५ मिमी. अमेरिकी पद्धतीत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यांचा ८ म्हणजे ५ मिमी. कॅलगरी जरी कॅनडात असलं तरी इंटरनेटवरचे बरेचसे नमुने अमेरिकी मापातच असतात. तेव्हा दुकानात ६ नंबर मागा, नाहीतर सरळ ५ मिमी म्हणा. सुईवर मिमी छापलेलं असेल तर त्यावरच विश्वास ठेवा, नंबर विसरा.

चार पदरी लोकर दुहेरी घेऊन ५ मिमीवर साधारण बरोबर बसेल. तरीही नमुन्यातले टाके आंधळेपणाने घेऊ नका, तुमचा हात घट्ट आहे की सैल हे त्या नमुन्याला माहीत नाही. पंचवीस टाके घालून सुलट-उलट ओळींनी वीतभर पट्टी विणा, धुवा, वाळवा. मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका, ते ओढलेले असतात.

समजा १८ आले. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल तर टोपी त्याहून दहाएक टक्के लहान हवी, म्हणजे ५० सेंटिमीटर, नाहीतर वाऱ्यात उडेल. ५० सेंटिमीटरला ९० टाके. पण दोन सुलट दोन उलट अशी वीण घेणार असाल तर आकडा चारने भागला गेला पाहिजे. म्हणून ८८ घाला. ती वीण ताणली जाते, तेव्हा ९२ कडे जायची गरज नाही. दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवणार असाल तर शिवणीला दोन टाके जास्त.

उंची कानाखालपर्यंत हवी, वर दुमडायला पाच सेंटिमीटर धरून २७-२८ सेंटिमीटर विणा. वरून कमी करताना दोन टाके एकत्र घेत जा, शेवटचे आठ-दहा टाके धाग्यात ओवून ओढून घ्या.

---

खलबत्ता

दुधीसाठी दोन ओळी. पाहुणा मुक्कामी आहे तर त्याला कामाला लावा. पहिल्या दिवशी हरभरा डाळ घालून भाजी, तीही निम्म्या दुधीची. उरलेला निम्मा सोलू नका, कापलेल्या तोंडाला काही न लावता पिशवीत गुंडाळून ठेवा, दोन-तीन दिवस टिकतो. मग किसून भाजणीत घाला, थालीपिठं लुसलुशीत होतात. किसाचं पाणी पिळून फेकू नका, त्यातच पीठ भिजवायचं. सालांची तीळ घालून चटणी. साल आणि गर कडू तर नाही ना, ते मात्र कापल्या कापल्या चाखून बघायचं. कडू लागला तर अख्खा फेकून द्यायचा, त्यात काटकसर नाही. कडू दुधी पोटाला बाधतो.

---

सुलटउलट

नशीब विचारलं. मी ८ नंबरवर दहा-बारा ओळी विणायच्या बेतात होते. उद्या ६ नंबर आणते आणि आधी पट्टी विणते. लेकीला डोक्याचा घेर विचारला तर म्हणाली, "अंदाजे घाल ना, नॉर्मल डोकं आहे माझं."

---

चिनूकवाली

नॉर्मल डोकं नसतं काकू. तिला म्हणावं टेप नसेल तर फोनच्या चार्जरची वायर कानांच्या वरून, कपाळावरून गोल फिरव आणि ती पट्टीवर मोज. केस मोकळे सोडून बाहेर जाते की आंबाडा घालते तेही विचारा, आंबाड्याला वर दोन बोटं जागा लागते. आणि जावयांचंही माप आत्ताच मागवून ठेवा. दहावीतल्या मुलाच्या स्वेटरमध्ये टोप्या दोन-तीन तरी सहज निघतील, आणि तुमचा हात काही एकीवर थांबायचा नाही.